घसरण्याचे गाव

युरोप पाहून आलेल्या माणसाकडून लोकांच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. त्याने आयफेल टॉवरपुढचा आपला फोटो दाखवावा, स्वित्झर्लंडच्या बर्फाचे वर्णन करावे, तिकडचे रस्ते किती स्वच्छ आणि माणसे किती शिस्तीची हे सांगून आपल्या नगरपालिकेच्या नावाने एक सुस्कारा टाकावा, आणि आणलेली चॉकलेटे वाटून मोकळे व्हावे. यातले शेवटचे तेवढे मी केले. बाकीचे जमेना; कारण तीन आठवड्यांत जे पाहिले त्यातले अजून कानात घुमते आहे ते ना राजवाड्यातले, ना चित्रशाळेतले. ती आहे एका मैदानातली मोटारसायकलींची शर्यत. स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी चहा घेता घेता विचारले, "काय काय पाहिलंत मग?" मी खरे तेच सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बरं, बरं. आणि आज एस.वाय.चा ज्ञानेश्वरीचा तास कोण घेतंय?"

वास्तविक मोटारसायकल या वाहनाशी माझे सख्य नाही. गेली कित्येक वर्षे मी कॉलेजला चालत किंवा बसने जातो. कोणी मागच्या सीटवर बसा म्हणाले तर काही तरी निमित्त सांगतो. अशा माणसाने पोलंडमध्ये जाऊन तिकीट काढून ही शर्यत पाहावी, याला कारण माझा धाकटा भाऊ.

त्याचे कोल्हापुरात उद्यमनगरच्या अंगाला लहानसे गॅरेज आहे. नव्या गाड्या तो घेतो, पण नाइलाजाने. त्याचा जीव जुन्या येझदी आणि जावा गाड्यांत. मैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून 1996 पर्यंत बाहेर पडलेल्या या गाड्यांपैकी कोल्हापूर जिल्ह्यात ज्या अजून धावतात, त्यांतल्या बऱ्याच त्याच्या हाताखालून गेलेल्या. जावा हे मूळचे चेक घराणे, आणि या घराण्याची एक शाखा बिनब्रेकच्या शर्यती गाड्या बनवते, हे त्याला कुठून तरी कळले होते. तेव्हापासून रात्री गॅरेज बंद करून तो मोबाइलवर त्याच शर्यती पाहत बसतो. मी पोलंडला निघालो हे कळताच तो घरी आला. डावा पाय जरा ओढत चालतो तो. पायरीवर त्याचे पाऊल वाजले की दाराकडे न बघताही आम्हांला कळते.

"दादा, तिकडं निघालायस तर त्या शर्यती बगून ये. राजवाडं काय, सगळीकडं असत्यात."

"त्यात बघायचं काय?"

"ब्रेकच न्हाईत गाडीला. एक बी न्हाई. तरी वळत्यात. कसं वळत्यात ते नीट बगून ये आणि मला सांग."

माझी भाची आणि तिचे यजमान बिडगोश्च नावाच्या शहरात नोकरीला आहेत. हे नाव आता मी बिनचूक उच्चारतो. पहिला आठवडाभर 'बीडगाव' म्हणत होतो. तिथून रेल्वेने पाऊण-एक तासावर तोरुन. दोन्ही गावांत या शर्यतीचे वेड जुने, आणि म्हणून वैरही जुने. मी तोरुनचे तिकीट मागितले तेव्हा जावईबापूंच्या कचेरीतला एक बिडगोश्चकर गृहस्थ खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाला, "जा, पण इथं कुणाला सांगू नका." सांगली आणि कोल्हापूर यांच्यात कोणाची भेळ चांगली यावरून जे चालते, त्याची मला आठवण झाली. फरक इतकाच की भेळ खाताना सहसा कोणी जखमी होत नाही.

कोल्हापूरचे नाव पोलंडमध्ये निघाले की लोक गळ्यात पडतील, अशी एक भाबडी कल्पना मी मनाशी बाळगून होतो. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, 1943 पासून 1948 पर्यंत आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहत होते. वॉर्सात त्याचे स्मारकही आहे. आगगाडीत समोर बसलेल्या तरुणाला मी मोठ्या उत्साहाने 'कोल्हापूर' असे सांगितले. त्याने थोडा विचार करून विचारले, "बॉलिवूड?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो. विस्तुला नदीचे संथ, रुंद पात्र आले आणि पुलापलीकडे तांबड्या विटांचे गाव दिसू लागले.

तोरुनचे जुने गाव पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. 1997 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घातले ते उगीच नाही. याच गावी 1473 साली कोपर्निकस जन्मला. चौकात त्याचा पुतळा उभा आहे, हातात ग्रहगोलांचे यंत्र. दुकानादुकानांतून आले, लवंग, दालचिनी घातलेल्या, मधाच्या खमंग बिस्किटांचा वास येतो. त्या बिस्किटांसाठी हे गाव शेकडो वर्षे प्रसिद्ध आहे. पण माझे मन अडकले ते तटाला लागून असलेल्या एका बुरुजापाशी. हा बुरुज कललेला आहे. जमीन भुसभुशीत, पाया खचला आणि बुरुज चांगला दीड मीटर ओळंब्याबाहेर गेला. लोकांत समजूत अशी की, या भिंतीला पाठ आणि टाचा लावून, हात पुढे करून जो उभा राहील आणि पडणार नाही तो निष्पाप. शाळकरी मुलांची रांग लागली होती. एकेक जण उभा राही, डगमगे, पुढे झेपावे आणि सगळे हसत.

मीही उभा राहिलो. चाळिशी उलटलेला, चष्मा लावलेला, हातात छत्री धरलेला प्राध्यापक. दोन आकडे मोजून होतात न होतात तोच तोल पुढे गेला आणि एका बाईंनी माझा दंड धरला. मुले टाळ्या पिटू लागली. यात पदार्थविज्ञान आहे, पाप नाही, हे मला ठाऊक होते. तरीपण पुढे बराच वेळ मी गप्पच होतो. का, ते ओघाने येईलच.

मैदान गावाच्या कडेला आहे. 2009 साली बांधलेले. सुमारे पंधरा हजार माणसे बसतात आणि सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर. नाव मोटोअरेना, आणि त्यापुढे मारियान रोझे याचे नाव जोडलेले. हा रोझे तोरुनचा लाडका शर्यतपटू. 1970 साली शर्यतीतच तो गेला. ज्या रस्त्यावर मैदान आहे, त्या रस्त्याला नाव पेर योन्सन याचे. हा स्वीडनचा, 1990 सालचा जगज्जेता, तोरुनकडून खेळणारा. 1994 साली बिडगोश्चच्या मैदानावर पडला आणि तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत आहे. म्हणजे एका पंगू झालेल्या माणसाच्या रस्त्याने जायचे आणि एका मेलेल्या माणसाच्या मैदानात शिरायचे. आमच्याकडे क्रीडांगणाला पुढाऱ्याचे नाव देतात. इथे कमानीवरच स्वच्छ सांगितले आहे की या खेळाची किंमत काय पडते. आणि त्या कमानीखालून लोक पोराबाळांसकट, खांद्यावर पिवळे-निळे पट्टे टाकून, भाजलेले सॉसेज खात आनंदाने आत जात होते. मला पाऊल उचलायला जरा वेळ लागला.

पोलिश भाषेत या खेळाला म्हणतात 'झुझेल'. माझ्यातल्या मराठीच्या मास्तराने लगेच 'झुंज' या धातूशी त्याचे नाते जुळवून पाहिले. नाते नाही. 'झुझेल' म्हणजे भट्टीतून निघालेली जळकी खर. पूर्वी या धावपट्ट्यांवर तीच पसरीत. एका अख्ख्या खेळाला पायाखालच्या राखेचे नाव देणारे लोक मला आवडले.

खेळ जन्मला मात्र ऑस्ट्रेलियात. न्यू साउथ वेल्समध्ये वेस्ट मेटलंड येथे शेतकी प्रदर्शनाच्या मैदानात 1923 सालच्या डिसेंबरात जॉनी हॉस्किन्स नावाच्या चिटणिसाने दिव्यांच्या उजेडात अशा शर्यती भरवल्या; श्रेय बहुधा त्यालाच देतात. 1928 सालच्या फेब्रुवारीत लंडनजवळ हाय बीच येथे ती लाट इंग्लंडात पोचली आणि हजारोंची झुंबड उडाली. अमेरिकेत याचा एक सख्खा चुलतभाऊ आहे, फ्लॅट ट्रॅक. तिकडची धावपट्टी कधी कधी मैलभर लांब असते आणि गाड्यांना मागच्या चाकापुरता ब्रेक ठेवतात. पण आज या खेळाची पंढरी कोणती म्हणाल तर पोलंड. तीही वॉर्सात नव्हे, तर तोरुन, लेश्नो, गोझूव्ह, झिएलोना गुरा अशा मध्यम गावांत. मुंबई-पुण्याला कुस्तीचे वेड नव्हते असे नाही, पण खासबागेत जे दिसते ते तिथे दिसत नाही, तसेच हे. जगातले चांगले चांगले स्वार आठवड्याच्या अखेरीस या गावांत येतात, मंगळवारी स्वीडनमध्ये शर्यत करतात, पुन्हा परततात. पैसा गुणागणिक मिळतो. बैलगाडा शर्यतीतला बैलमालकही याहून निवांत असेल.

माझी जागा पहिल्या वळणावर होती. शेजारी साठीचे एक आजोबा, त्यांच्या मांडीवर नात, आणि गुडघ्यावर छापील तक्ता. तीत पंधरा फेऱ्यांची घरे आखलेली असतात आणि प्रत्येक फेरीचा निकाल प्रेक्षकाने पेन्सिलीने लिहायचा. मोबाइलवर सगळे दिसत असूनही निम्मे मैदान हिशेबनिसासारखे लिहीत होते. आजोबांना इंग्रजी चार शब्द येत होते, मला पोलिश दोन. तेवढ्यावर आमचे उत्तम जमले. एका वेळी चार स्वार, चार फेरे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. यजमानांची शिरस्त्राणे लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. सगळे जातात घड्याळाच्या उलट. आपल्याकडे प्रदक्षिणा नेहमी उजवी. उलटे फिरायचे ते अपसव्य, श्राद्धपक्षाचे. मनात ते आलेच. मग सुचले की, उत्तरेकडून वरून पाहिले तर सूर्याभोवती पृथ्वीही अशीच उलटी फिरते. कोपर्निकसच्या गावी निदान याला तरी हरकत नसावी.

गाड्या बाहेर आल्या तसा वास आला. इंधन म्हणून मिथेनॉल जळते, पण नाकाला झोंबत होते ते दुसरे काही तरी, अगदी ओळखीचे. लहानपणी दर रविवारी सकाळी नाक दाबून प्यायलेले एरंडेल! या इंजिनांत एरंडेलापासून केलेले वंगण वापरण्याची जुनी रीत आहे. कॅस्ट्रॉल हे प्रसिद्ध नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले. पंधरा हजार माणसे डोळे मिटून तो वास छातीत भरून घेत होती. आईला हे सांगितले पाहिजे असे मनाशी म्हटले.

गाडी म्हणजे नुसता सांगाडा. पाचशे सीसीचे एक सिलिंडर, एकच गिअर, दोन चाके. दिवा नाही, आरसा नाही, आणि भावाने सांगितले तसे ब्रेक खरोखरच नाहीत. वजन सत्याहत्तर किलोपेक्षा कमी असू नये असा नियम आहे, म्हणजे त्याच्या आसपासच असते. आमच्या तरुणपणीच्या आरएक्स हंड्रेडमध्ये अकरा घोड्यांची ताकद होती. तिच्याहून हलक्या या गाडीत सत्तर-ऐंशी घोडे कोंबलेले. स्वाराच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडते. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा. बैलाला नाल मारतात तसाच तो नाल. कशाला, ते पुढे दिसले.

चौघे आरंभरेषेवर आले. प्रत्येकाने बुटाने आपापल्या पुढची माती उकरून पाहिली, दाबली, पुन्हा उकरली. पहिलवान आखाड्यात उतरताना माती हातात घेतो, कपाळाला लावतो, त्याच गंभीरपणाने. हिरवा दिवा लागला. आडव्या लावलेल्या फिती वर उडाल्या की सुटायचे. त्याआधी फितीला हात लागला की बाद. इंजिनांचा आवाज चढत चढत इतका चढला की तो कानात न शिरता बरगड्यांतून आत येऊ लागला. आजोबांनी नातीच्या कानांवर हात ठेवले. फिती उडाल्या.

पुढचे मला नीट दिसलेच नाही. जवळजवळ तीन सेकंदांत गाडी शंभरचा वेग घेते. चार गाड्या एकमेकींना खेटून थेट माझ्या अंगावर आल्या. वळण समोर. आता वेग कमी होणार असे माझ्या शरीराने गृहीत धरले, आणि पाय आपोआप जमिनीत रुतले, जणू ब्रेक तिथे आहे. वेग कमी झाला नाही. चौघांनी एकदम डावा पाय बाहेर टाकला, गाड्या आडव्या केल्या आणि पुढची चाके उजवीकडे फिरवली. वळायचे डावीकडे, हँडल उजवीकडे! मागची चाके सुटली, घसरली, घसरतच राहिली, आणि त्या घसरणीवर स्वार होऊन चौघे वळण काढून पलीकडे गेले. ओल्या दगडी चुऱ्याचा एक फवारा कठड्यावरून येऊन माझ्या चष्म्यावर, छत्रीवर आणि आजोबांच्या तक्त्यावर पडला. आजोबांनी तो फुंकरीने उडवला आणि पेन्सिल सरसावली.

मी उभाच राहिलो होतो. गुडघे कापत होते.

2001 सालचा मे महिना. माझा एम.ए.चा निकाल लागला होता. मित्राची आरएक्स हंड्रेड मागून घेतली आणि धाकट्याला मागे बसवून राधानगरीच्या रस्त्याला लागलो. तो तेव्हा सतरा वर्षांचा, गल्लीतल्या तालमीतला होतकरू मल्ल. पुढच्या महिन्यात त्याची पहिली मोठी कुस्ती ठरलेली. एका डाव्या वळणावर डांबरीकरणासाठी बारीक खडी पसरून ठेवलेली होती. मी वेगात होतो. मागचे चाक सरकल्याचे जाणवले आणि मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. मला खरचटले. त्याच्या डाव्या गुडघ्याची वाटी गेली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण पाय पुरता वाकेना. लंगोट खुंटीला लागला तो लागलाच. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. मीही तो विषय कधी काढला नाही. मात्र त्या दिवसापासून 'घसरणे' हे क्रियापद शिकवायला आले तरी माझ्या तळव्यांना घाम सुटतो.

आणि इथे तेच. तीच खडी, तेच डावे वळण, तेच सरकणारे चाक. ते सरकावे म्हणून माणसे ताकद वाढवत होती. दुसऱ्या फेरीपासून मी फक्त मागच्या चाकाकडे पाहू लागलो. हळूहळू कळत गेले. वळणावर गाडीला रोखून धरणारे काही नाही. घसरण हाच तिचा ब्रेक. मागचे चाक मोकळे फिरत बाहेर सरकते तेव्हाच वेग खातो आणि तोंड आत वळते. पोलादी तळवा जमिनीवरून सरकतो तो नुसता अंदाज घेत, आंधळ्याच्या काठीसारखा. भीती कशाची असेल तर चाकाने एकाएकी जमीन घट्ट धरण्याची. मग गाडी ताठ होते आणि सरळ कठड्यावर जाते. भ्यालेला माणूस मूठ सोडतो, आणि मूठ सोडणारा पडतो. आजोबांना मी खुणेने विचारले, पडतात ते कशाने? त्यांनी मूठ पिळल्यासारखी केली, मग ती एकदम सैल सोडली, आणि हाताने कठड्याचा रस्ता दाखवला.

सगळेच पडणे असे आपल्या चुकीचे नसते म्हणा. आठव्या फेरीत पिवळ्या शिरस्त्राणाच्या मुलाचे पुढचे चाक निळ्याच्या मागच्या चाकाला लागले आणि तो उडाला. वळणावर हवा भरलेल्या गाद्यांचा कठडा असतो; त्यात तो शिरला. लाल दिवे लागले. पंधरा हजार माणसे एका क्षणात गप्प झाली. पाहुण्यांचा खेळाडू होता तो, पण आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटते, त्या शांततेत प्रत्येकाजवळ आपापले एक नाव असावे. या देशात तशी नावे पुष्कळ आहेत. 2012 साली व्रोत्स्वाफमध्ये इंग्लंडचा ली रिचर्डसन गेला. 2016 साली क्रिस्तियान रेम्पावा गेला, अठरा वर्षांचा. बिडगोश्चचा तोमाश गोलोब 2010 साली जगज्जेता झाला. त्याआधी हा मान पोलंडला 1973 साली येर्झी श्चाकिएलने मिळवून दिला होता, म्हणजे सदतीस वर्षांनी हे यश. तो गोलोब 2017 साली मोटोक्रॉसच्या मैदानात पडला आणि त्याचे पाय गेले. मी हे लिहितो आहे आणि मला ठाऊक आहे की, शहाण्या माणसाने इथे "असले खेळ बंद करा" असे लिहायचे असते. बैलगाडा शर्यतींवर मी एकदा तसे लिहिलेही होते. त्या संध्याकाळी ते माझ्याने म्हणवले नसते. मुलगा हलला, उठून बसला, मग उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला तो यजमानांच्या कुठल्याही विजयाहून मोठा होता. फेरी पुन्हा झाली आणि तो त्यात नव्हता. परंतु तेराव्या फेरीला तोच पुन्हा आला. आजोबांनी मान हलवली. त्यात कौतुक किती आणि कीव किती हे मला ठरवता आले नाही.

ठरावीक फेऱ्यांनंतर ट्रॅक्टर येऊन माती सारखी करीत, पाण्याची गाडी फिरे. तेवढ्यात आजोबा मला आपले विद्यापीठ पढवीत. बार्तोश झ्मार्झलिक हे नाव त्यांनी मला तीनदा म्हणायला लावले. 2025 साली त्याने सहाव्यांदा जगज्जेतेपद मिळवले. सहा वेळा हा मान याआधी दोघांनाच मिळाला होता, न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन. झ्मार्झलिक तोरुनचा नव्हे. तरी आजोबा त्याच्याविषयी बोलताना छातीवर हात ठेवीत. 2023 साली डेन्मार्कमध्ये चाचणीच्या वेळी त्याने ठरलेल्या पोशाखाऐवजी दुसराच अंगात घातला म्हणून त्याला त्या शर्यतीतून बाद केले होते, आणि त्या वर्षीचे विजेतेपद मग त्याने याच, तोरुनच्या मैदानावर पक्के केले. पोशाखाची ही हकीकत सांगताना आजोबांनी स्वतःच्या शर्टाची बटणे ओढून दाखवली आणि पंचांविषयी एक शब्द उच्चारला. तो त्यांच्या नातीला ठाऊक होता, कारण ती तोंडावर हात ठेवून हसू लागली.

शेवटच्या फेरीपर्यंत दिवे लागले होते. त्या उजेडात उडणारा चुरा सोनेरी दिसत होता. एका फेरीला एकच मिनिट लागते, पण त्या मिनिटात माणूस तीनदा हरतो आणि चारदा जिंकतो. लाल शिरस्त्राणवाला शेवटच्या वळणापर्यंत तिसरा होता. मग तो बाहेरून, कठड्याला जवळजवळ खांदा लावून, जिथे मोकळी माती साचलेली असते तिथून गेला. सगळे आत जागा शोधीत होते आणि हा बाहेर. मोकळ्या मातीत त्याची घसरण जास्त लांब, आणि म्हणूनच वेग जास्त. दोघांना मागे टाकून तो रेषेवर आला तेव्हा मी, ज्ञानेश्वरी शिकवणारा माणूस, बाकावर चढून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे "घे रे घे! घे रे घे!" असे काही तरी होते, आणि पुढच्या बाकावरचे दोन तरुण तेच ओरडू लागले होते.

शर्यत संपल्यावर स्वार प्रेक्षकांपुढून चालत गेले. घोड्यावरून उतरलेला स्वार पायी सामान्य दिसतो तसे ते दिसत होते. लहानखुरे, चिखलाने माखलेले, चेहऱ्यावर चष्म्याची गोरी खूण राहिलेले. आणि सगळेच्या सगळे डावा पाय ओढत चालत होते. पोलादी तळव्यामुळे त्यांना तसेच चालावे लागते, हे कळायला मला क्षणभर लागले. तोवर मी त्या चालीकडे पाहतच राहिलो. तिचा आवाज मला पाठ होता.

कठड्याखाली चुरा साचला होता. मी तिकिटाच्या कागदात चिमूटभर बांधून घेतला. विमानतळावर तपासनिसाने पुडी उघडून पाहिली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "झुझेल." त्याने पुडी पुन्हा नीट घडी घालून दिली.

कोल्हापूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो. पुडी त्याच्यापुढे ठेवली. वळणे कशी घेतात ते सांगितले, हाताने करून दाखवले. तो काळ्या बोटांत चुरा चोळत ऐकत होता.

"आपली खडी ह्येच्यापेक्षा मोठी हुती," तो म्हणाला.

मी म्हणालो, "मी पुढचा ब्रेक दाबला रे." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्यापुढे पहिल्यांदा उच्चारले.

"म्हाईत हाय की. पण त्येच्या आदी मी उलटा कललो हुतो. तू डावीकडं कललास, मला भ्या वाटलं, मी उजवीकडं गेलो. गाडी तितंच सुटली. बिरेक तू मागनं दाबलास."

"हे तू कधी बोलला नाहीस."

"तू तरी कदी इचारलंस?"

त्याने चुरा स्पार्क प्लगच्या रिकाम्या डबीत ओतला, झाकण लावून डबी फळीवर ठेवली आणि कापडाला हात पुसले. बाहेर कोणी तरी येझदीचा हॉर्न वाजवीत होते. तो पाय ओढत तिकडे निघाला आणि दारातून वळून म्हणाला, "दादा, मागच्या चाकाची चकरी किती दातांची असती, ते बगितलंस का न्हाई?"

ते मी पाहिले नव्हते.